पिरॅमिडचे चिरे कुणी नेले? इजिप्तला सहली नेणाऱ्या टूर लीडर मंडळींना खुलं पत्र

इजिप्तला मराठी माणसांच्या सहली नेणाऱ्या तमाम टूर लीडर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तुमच्यापैकीच एकाबरोबर इजिप्त पाहून आलो. त्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव इथे घालत नाही, कारण मुलगा गुणी होता. पहाटे उठवून आठवणीनं चहा पाजायचा, गुडघे धरून चालणाऱ्या मावशींना हात द्यायचा, कुणाचा पासपोर्ट कुणाच्या पिशवीत गेलाय हे त्यालाच माहीत असायचं. माझी तक्रार त्याच्या एका वाक्याबद्दल आहे. गिझाला खुफू राजाच्या पिरॅमिडसमोर आम्हांला उभं करून तो म्हणाला, "साडेचार हजार वर्षांच्या ऊनवाऱ्यानं झिजून झिजून हा असा खडबडीत झालाय, पूर्वी आरशासारखा गुळगुळीत होता." सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले, उंटवाल्याशी घासाघीस केली आणि बस पपायरसच्या (लव्हाळ्याच्या कागदाच्या) दुकानाकडे वळली. परत आल्यावर ओळखीपाळखीत विचारलं. निरनिराळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेली चार घरं निघाली आणि चारही घरांनी थोड्याफार फरकानं हेच वाक्य ऐकलं होतं. म्हणून एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितोय.

मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. मोऱ्या, पूल, धक्के, संरक्षक भिंती. दगडी काम दिसलं की आधी सांधा बघायचा, मग थर, मग जमलं तर पाया, ही खोड निवृत्त झालो तरी गेलेली नाही. त्या खोडीपायीच सांगतो, तो पिरॅमिड झिजून तसा झालेला नाही. झिजलेल्या दगडाच्या कडा गोलावतात, थराथरातला फरक पुसट होत जातो. गिझाला आपण बघतो ते थर चांगले पायऱ्यांसारखे मोजता येतात. ते भिंतीच्या पोटातलं काम आहे, कुणी बघावं म्हणून रचलेलंच नव्हतं. चिरेबंदी वाड्याचे दर्शनी चिरे कुणी उपसून नेले की आतला ओबडधोबड भराव उघडा पडतो, त्यातलाच हा प्रकार. वाड्याच्या बाबतीत आपण लगेच विचारतो, चिरे कुणी नेले? पिरॅमिडच्या बाबतीत तो प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण माइकवरून आधीच उत्तर मिळालेलं असतं: काळानं.

आतला दगड तिथलाच, पठारावरचा चुनखडी. त्यात नाण्यासारख्या चपट्या समुद्री जिवांचे जीवाश्म ठासून भरलेले आहेत. आमची ही एका दगडाजवळ वाकून बघत होती, तिनं मला हाक मारली, "अहो, यात मसूर आहे की!" मी हसलो. हसायला नको होतं. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार तिथे गेला होता, त्यालाही तिथल्या लोकांनी तेच दाखवलं होतं: मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड होऊन बसलीय म्हणे. त्यानं ते लिहून ठेवलं. तुमच्या बसमध्ये शाळकरी मुलं असतील तर एवढी एक गोष्ट सांगून बघा, पुढचा अर्धा तास ती दगडांना नाक लावून उभी राहतील आणि उंट मागणार नाहीत.

बाहेरचा चिरा वेगळा. तो नाईलच्या पलीकडच्या काठावरून, तुरा इथल्या खाणींतून यायचा. बारीक पोताचा, पांढराशुभ्र, डाग नसलेला चुनखडी. तो कसा यायचा याची नोंदवही आपल्याला मिळाली आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या इजिप्तमध्ये मला सगळ्यात जवळची वाटलेली वस्तू तीच. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी होती. खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या शेवटच्या वर्षांतली. मेरेरच्या हाताखाली चाळीसेक माणसं आणि होड्या. आज तुराला दगड भरला, आज निघालो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या खुफूच्या पिरॅमिडपाशी पोचलो, रिकामे परत. दर दहा दिवसांत दोन-तीन खेपा. नदीला पूर असतानाचे दिवस होते, पाणी कालव्यांतून पार पायथ्याजवळ यायचं, म्हणून वाहतूक जमली. देव नाही, जादू नाही, परग्रहावरचं कुणी नाही. आमच्या खात्यातलं मस्टर आणि मोजमाप पुस्तक घ्या, त्यात होडी घाला, झाली मेरेरची वही. साइटवर रात्री कंदिलाच्या उजेडात खेपा लिहिलेला माणूस मेरेरला ओळखतो, असं मी हिला म्हणालो तर ती म्हणाली, "फक्त त्याच्या खेपा खऱ्या असतील."

तर हे चिरे खाली उत्तर बाजूला आजही आहेत, थोडे. पर्यटकांना आत सोडतात तीच बाजू, पण सगळ्यांचं लक्ष वर, दाराकडे. पायथ्याशी साठलेला ढिगारा 1837 साली हॉवर्ड वाइज या इंग्रज संशोधकानं उपसला तेव्हा ते जागच्या जागी सापडले. पुढे 1880 ते 1882 मध्ये फ्लिंडर्स पीट्री यांनी त्यांचं माप घेतलं. एकेक चिरा दहा-पंधरा टनांचा, आणि दोन चिऱ्यांमधला सांधा सरासरी अर्धा मिलिमीटर. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पोटात मसालाही भरलेला. ज्यांनी कधी गवंड्याच्या मागे लागून दरजा भरून घेतल्या आहेत त्यांना हे आकडे वाचून काय वाटेल ते मी लिहीत नाही. मी तिथे गुडघ्यावर बसून सांध्यावर नख फिरवलं. नख अडकलं नाही. मागून आवाज आला, "काका, बस निघतेय."

पायाच्या चारही बाजू मिळून मूळची लांबी 921 मीटरच्या आसपास. त्यातली जेमतेम 54 मीटर कडा आज या चिऱ्यांनी शाबूत आहे, आणि तेवढ्यावरून 2015 मध्ये ग्लेन डॅश यांच्या पथकानं मूळ पाया मोजून काढला: सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड बाजूंत फरक 14 सेंटिमीटरच्या आसपास, प्रत्येक बाजू 230 मीटरची असताना. आणि "आरशासारखा" हा शब्द तेवढा जरा आवरून वापरा. तुराचा दगड ताजा असताना पांढरा असतो, उघड्यावर राहिला की त्यावर पिवळट-तपकिरी थर चढतो. बांधून झाला तेव्हा डोळे दिपत असतील, नाही असं नाही. पुढच्या शेकडो वर्षांतही तसेच दिपत असतील याची खात्री मला तरी वाटत नाही.

आता कुणी नेले ते.

सुरुवात इजिप्तच्याच राजांनी केली. खुफूनंतर साधारण सहाशे वर्षांनी पहिल्या अमेनेमहातनं लिष्टला स्वतःचा पिरॅमिड उभारला, त्याच्या पोटात खुफूच्या देवळांचे आणि इतर जुन्या वास्तूंचे कोरीव दगड भराव म्हणून घातलेले सापडले आहेत. कोरीव बाजू आत करून. पूर्वजांचा पुण्यसंचय म्हणून घातले की फुकट मिळाले म्हणून, यावर अभ्यासक वाद घालतात. मी कंत्राटदार पाहिलेत, माझं मत ठरलेलं आहे. दुसऱ्या रामसेसच्या काळातही जुन्या पिरॅमिडांचा दगड उचलला जात होता, आणि गंमत अशी की त्याच रामसेसचा मुलगा खाएमवासेत पडझड झालेल्या वास्तूंची डागडुजी करून त्यांवर मूळ मालकाचं नाव पुन्हा कोरत फिरत होता. उनासच्या पिरॅमिडवर त्याचा लेख अजून वाचता येतो.

मोठी लूट मात्र मध्ययुगातली. 1176 च्या सुमाराला इजिप्तचा सुलतान सलाउद्दीन यानं कैरोचा किल्ला आणि तटबंदी बांधायला काढली, कामावर कराकुश नावाचा अधिकारी नेमला, आणि त्यानं गिझाचे छोटे पिरॅमिड दगडासाठी मोडले. सलाउद्दीनचा मुलगा अल-अझीझ उस्मान त्याहून पुढे गेला. 1196 साली त्यानं मेनकौरेचा पिरॅमिड, गिझाच्या तीन मोठ्यांतला सगळ्यात छोटा, पाडायचाच असं ठरवलं. आठ महिने माणसं राबली. पहारी, पाचर, दोरखंड. दिवसाकाठी एक नाहीतर दोन दगड निघत होते, आणि खाली पडलेला दगड वाळूत रुतला की तो काढायलाच तेवढी मेहनत. शेवटी पैसे संपले. उत्तरेच्या बाजूला वरून खाली गेलेली जी मोठी चीर दिसते ती त्या आठ महिन्यांची कमाई. अब्द अल-लतीफ हा बगदादचा वैद्य त्या काळात इजिप्तमध्ये होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. त्यानं एका मुकादमाला विचारलं, हजार सोन्याची नाणी दिली तर यातला एक दगड होता तसा परत वर बसवून देशील का? मुकादम शपथेवर म्हणाला, त्याच्या कितीतरी पट दिलेत तरी जमणार नाही. या मुकादमाला लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

1303 साली मोठा भूकंप झाला, कैरोत हाहाकार उडाला. त्यात खुफूचे चिरे सुटे झाले असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. झालेही असतील काही. पण 1395 मध्ये दांग्ल्यूर नावाचा फ्रेंच सरदार तीर्थयात्रेच्या वाटेवर तिथे पोचला तेव्हा वर चढलेले गवंडी एकेक चिरा सुटा करून खाली लोटत असल्याचं त्याच्या प्रवासवर्णनात आहे. भूकंपाला नव्वद वर्षं उलटून गेली होती आणि पहारी चालूच होत्या. कैरोच्या मशिदी, पूल, हवेल्या यांत तो दगड गेला. सुलतान हसनची सुप्रसिद्ध मशीद तुम्ही दाखवता, तिच्यातही पिरॅमिडचे चिरे असल्याचं सांगितलं जातं. मग "पिरॅमिडचा बाकीचा भाग बघायला आता आपण जुन्या कैरोत जाणार आहोत" असं म्हणून बस का नाही वळवत?

चोर म्हणू नका त्यांना. त्यांच्या लेखी पिरॅमिड म्हणजे आयती खुली खाण, दगड घडवलेला, नदी जवळ. गडांच्या पायथ्याच्या आपल्या गावांत फिरलात तर घराच्या जोत्याला गडावरचा घडीव चिरा दिसतोच, आणि घरमालक तो कौतुकानं दाखवतो. मी कैरोवाल्यांना शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाहीये. फक्त माणसांनी केलेलं काम वाऱ्याच्या खात्यावर मांडू नका.

आणि पिरॅमिड यातून वाचले कसे, तेही सांगा, कारण ती गोष्ट माझ्या जातीची आहे. 1830 च्या दशकात इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा याला नाईलवर मोठा बंधारा बांधायचा होता. दगड कुठून आणायचा? पिरॅमिड आहेतच की, तेच मोडा, असा हुकूम लिनां द बेलफाँ या फ्रेंच अभियंत्याला झाला. लिनांनं भावनेचा एक शब्द काढला नाही. त्यानं अंदाजपत्रक मांडलं. पिरॅमिड मोडून, दगड खाली उतरवून, वाहून आणायचा दर घनमीटरला इतका, खाणीतून नवा काढायचा दर इतका. खाणीतला स्वस्त निघाला. पाशानं हुकूम मागे घेतला. जगातलं एकमेव उरलेलं प्राचीन आश्चर्य एका एस्टिमेटनं वाचलं, हे वाक्य तुम्ही माइकवर म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे. बसमध्ये एखादा तरी निवृत्त अभियंता असतोच, तो बायकोकडे बघेल.

गिझाच्याच दुसऱ्या मोठ्या, खाफ्रेच्या पिरॅमिडच्या माथ्यावर टोपीसारखे चिरे शिल्लक आहेत, ते तुम्ही दाखवता. पण त्यावरून एक प्रश्न विचारायचा राहून जातो: वरचेच का उरले? भूकंपानं पडायचे असते तर हलतो शेंडा, आधी वरचे गेले असते. वाऱ्यानं जायचे असते तरी तेच. खालचे गेले आणि वरचे राहिले, याचा साधा अर्थ हात कुठवर पोचला त्यात आहे. माथ्यावरचे चिरेही अगदी जिथल्या तिथे नाहीत. इटलीच्या अभ्यासकांनी कडा तपासल्या तेव्हा चिरे एकमेकांपासून थोडे थोडे सरकलेले आढळले, त्याला धरणीकंप कारण असावेत. म्हणजे निसर्गानं काहीच केलं नाही असं माझं म्हणणं नाही.

उलट, निसर्गाची बाजू मांडणारा एक माणूस माझ्याच धंद्यातला आहे. वेल्समधले पीटर जेम्स. त्यांच्या सिनटेक कंपनीनं सक्काऱ्याच्या जोसेर पिरॅमिडमध्ये, 1992 च्या भूकंपानं खिळखिळ्या झालेल्या छताला हवेच्या पिशव्यांचा आधार देऊन काम केलं. तो पिरॅमिड 2006 पासून दुरुस्तीत होता, मध्ये 2011 च्या क्रांतीनंतर काम थांबलं, 2020 च्या मार्चमध्ये उघडला. जेम्स यांचं म्हणणं असं की चिरे लुटीपेक्षा तापण्या-निवण्यानं गेले. वाळवंटात दिवसा दगड फुगतो, रात्री आकसतो, आणि सांधे इतके घट्ट की फुगायला जागाच नाही. मग कोपऱ्याकडचे चिरे ढकलले जाऊन सुटतात. पुलाला एक्सपान्शन जॉइंट विसरला की काय होतं हे पाहिलेल्या माणसाला यात चटकन तथ्य वाटतं. मलाही वाटलं. पण एकट्या उन्हानं चिरे पाडले असते तर ते पायथ्याशी ढिगानं पडून राहिले असते. गिझाला तेवढा ढीग नाही. पाडले कुणीही असोत, नेले माणसांनी.

जेम्स ज्या पिरॅमिडवरून हे बोलतात तो दहशूरचा, आणि माझी खरी मागणी तिथली आहे. आमच्या सहलीत दहशूर नव्हतं. आम्ही दोघं मोकळ्या दिवशी टॅक्सी करून गेलो. गिझाहून तास-सव्वा तास. तिथे फारशी गर्दी नाही. समोर स्नेफेरूचा वाकडा पिरॅमिड. खुफूच्या बापाचा. मी त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारली, ही सावलीत बसली आणि टॅक्सीवाल्याला गोळ्या-बिस्किटं देत बसली.

चिरे बघायचे तर ते इथे. इजिप्तमधल्या कुठल्याही पिरॅमिडवर एवढे शिल्लक नाहीत. मोठमोठाले पट्टे अजून सलग, आणि मध्येच खालच्या कोपऱ्यांशी खाल्ल्यासारखे उपसलेले. आणि आकार? निम्म्यापर्यंत 54 अंशांच्या आसपास चढतो, मग एकदम 43 अंशांवर वाकतो. गाइड सांगतात, "काहीतरी धार्मिक कारण असेल." नाही हो. ही साइटवरची घाबरगुंडी आहे, दगडात गोठलेली.

खाली खडक नाही, मुरूम आणि चिकणमातीसारखा मऊ थर आहे. सुरुवातीचा उतार याहूनही उभा, साठ अंशांच्या आसपास असावा असं अभ्यासक मानतात. काम वर चढू लागलं तसा पाया बसू लागला, आतल्या दालनांना तडे गेले. त्यांनी तड्यांत चुना-मसाला भरला. दालनात देवदाराचे जाडजूड वासे आडवे ठोकून भिंतींना टेकू दिला, ते वासे आजही आत आहेत. मग पिरॅमिडला चारही बाजूंनी नवं कडं घातलं, पाया रुंदावला, उतार कमी केला. तरी धीर धरवेना, तेव्हा मध्यावरून उतार आणखी पाडून वजन घटवलं. थरही बघण्यासारखे आहेत: खालचे आतल्या बाजूला कललेले, वरचे जवळजवळ सपाट. कललेला थर अधिक धरून ठेवतो अशी समजूत होती. मऊ पायावर तो उलट घात करतो, हे शिकायला त्यांना अर्धा पिरॅमिड लागला. तिथून समोरच दिसतो तो लाल पिरॅमिड, त्याच राजाचा, सुरुवातीपासूनच 43 अंशांचा, थर सपाट. तो लाल का? वरचा पांढरा चिरा गेला आणि आतला लालसर दगड उघडा पडला म्हणून. नावातच चोरीची नोंद आहे.

मैदूमला आम्हांला जाता आलं नाही. ते आणखी दक्षिणेला. पण इमारत पडते म्हणजे काय होतं हे सांगायचं असेल तर ते उदाहरण तोंडपाठ करा. आधी पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला, पायऱ्यांच्या बाहेरच्या बाजू नीट घासून गुळगुळीत केल्या, कारण काम पूर्ण झालं असं वाटलं होतं. मग ठरलं, पायऱ्या भरून सरळ उताराचा करायचा. बाहेरून नवं आवरण चढवलं, त्याचा पाया वाळूवर, आणि त्याची पाठ त्या गुळगुळीत भिंतीला नुसती टेकलेली. नव्या-जुन्यात बंध दगड नाहीत. जुन्या भिंतीला टाके न मारता नवी भिंत चिकटवली तर ज्युनिअर इंजिनीअरलाही शिव्या बसतात. ते आवरण गेलं, आज वाळूच्या ढिगाऱ्यात तीन पायऱ्यांचा एक मनोरा उभा आहे. बांधता बांधताच कोसळला असा कुर्ट मेंडेलसन या भौतिकशास्त्रज्ञाचा 1974 चा सिद्धान्त होता, आणि तो पाहून दहशूरवाल्यांनी घाबरून उतार मोडला असंही त्यांचं म्हणणं. ऐकायला फार छान. पण बांधून हजार वर्षं होऊन गेल्यावर, तिसऱ्या थुटमोस राजाच्या काळात, एक लेखनिक तिथे आला आणि स्नेफेरूचं देऊळ किती सुंदर आहे असं भिंतीवर लिहून गेला. ढिगाऱ्यात पुरलेल्या देवळाचं कौतुक कोण करेल? तो हळूहळू, आणि लोकांनी दगड उपसल्यामुळेही, ढासळला. पंधराव्या शतकात अल-मक्रीझी या इतिहासकाराला पाच पायऱ्या दिसल्या, नेपोलियनच्या मोहिमेला तीन.

आता अलीकडची गोष्ट, कारण ही बसमध्ये कुणीतरी विचारतंच: "मग परत का नाही बसवत ते चिरे?"

2024 च्या जानेवारीत नेमकं हेच जाहीर झालं होतं. मेनकौरेच्या पिरॅमिडला खालच्या 16 थरांपर्यंत अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचं आवरण होतं, आज त्यातले सातच थर उरलेत. ग्रॅनाइटचे बरेच धोंडे पायथ्याशी विखुरलेले आहेत. इजिप्तच्या पुरातत्त्व परिषदेचे तेव्हाचे महासचिव मुस्तफा वझिरी यांनी पिरॅमिडसमोर उभं राहून व्हिडिओ केला की जपानी संशोधकांच्या सोबतीनं हे सगळं परत बसवणार. जगभर ओरड झाली. पिसाच्या मनोऱ्याला सरळ करणार का, अशी थट्टा झाली. सरकारनं झाही हवास या पुरातत्त्वज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि फेब्रुवारीत तिनं एकमतानं नकार दिला. कारणं मला पटली. त्यातले बरेच धोंडे मुळात घडवूनच पुरे झालेले नव्हते, मेनकौरे मेला आणि काम अर्धवट राहिलं. त्यांची बाहेरची बाजू अजून फुगीर, ओबडधोबड आहे. अशा धोंड्याची मूळ जागा कोणती हे कशावरून ठरवणार? अंदाजानं बसवला की आतलं खरं काम कायमचं झाकलं जाणार. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या मुकादमानं फुकट सल्ला दिलेला होता, कुणी वाचला नाही एवढंच.

उरली झीज. ती आहे, पण तिची गोष्ट तुमच्या वाक्यातल्यापेक्षा निराळी आहे. चिऱ्यांनी पोटातल्या मऊ दगडाचं रक्षण केलं होतं, ते गेल्यावर आतला दगड उघडा पडला. दगडात मीठ असतं, हवेतला आणि जमिनीतला ओलावा ते वर ओढतो, पाणी उडून गेलं की मीठ स्फटिक होऊन दगडाची पापडी सुटते. आपल्याकडे जुन्या भिंतीला लोणा लागतो तेच. कैरोच्या गाड्यांचा धूर चुनखडीला जिप्सम करतो. आणि तुम्ही आम्ही आत जातो तेव्हा श्वासातून वाफ सोडतो. 1990 च्या दशकात खुफूच्या आतला दमटपणा इतका वाढला होता की रुडॉल्फ गांटेनब्रिंक या जर्मन अभियंत्याला बोलावून जुन्या झरोक्यांतून पंखे बसवावे लागले. आमच्या गटातल्या दोघांनी आत शिरून भिंतीला घामेजलेले तळवे टेकून फोटो काढले. झीज हीच, आणि ती चाळीस-चाळीसच्या बॅचनं आत जाते.

तर मागण्या. एक, ते वाक्य बदला. दुसरं, गिझाला उत्तर बाजूच्या पायथ्याशी पाच मिनिटं थांबवा आणि सांध्याकडे बोट दाखवा, वरच्या दाराकडे नंतर. तिसरं, अत्तराच्या आणि पपायरसच्या दुकानात जाणारा अर्धा दिवस दहशूरला द्या. कमिशन जाईल, मला कळतं. तिकिटात तेवढे वाढवा, आम्ही देऊ. सात दिवसांत तीन दुकानं बघायला आम्ही तेवढे पैसे भरलेच होते.

फेब्रुवारीत माझी मेव्हणी तुमच्यापैकी एकाबरोबर निघतेय. निवृत्त शिक्षिका आहे, भूगोल आणि गणित. तिला मी मेरेर, लिनां आणि मसूर हे तिन्ही सांगून ठेवलंय. तुम्ही "झिजून झिजून" म्हणालात तर ती हात वर करेल. माइक तिच्याकडे दिला तरी चालेल, नाही दिलात तर तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता